उस्ताद, आज भिमाबाईची पट्टी काढली

उस्ताद, भांडण तुम्ही जिंकलात. चार वर्षं मी तुम्हाला दाद दिली नाही. विषय निघाला की मान फिरवून औषधाच्या खोलीत निघून जायचे. आता कबूल करायला आले, तर तुम्ही कब्रस्तानात जाऊन आडवे झालात. तुमचा स्वभावच असा होता. समोरच्यानं हार मानायच्या आत तुम्ही बिडी शोधायला उठायचात.

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले आणि आज सकाळी भिमाबाईची पट्टी काढली. ती काय म्हणाली ते सांगते, पण आधीपासून सांगते. लॉरी दुरुस्त करतानाही तुम्ही ड्रायव्हरला आधी गप्प करायचात म्हणे. गाडी कुठून निघाली, कुठं पहिल्यांदा आचका दिला, असं पहिल्यापासून सांग म्हणायचात. मीही तसंच करते.

मी या कुष्ठधामात आले तेव्हा वीस वर्षांची होते. बोरी अरबचं आमचं घर छप्पन सालानंतर लगेच बौद्ध झालं. बाबांनी घरातले जुने देव पोटलीत बांधून नदीला दिले, मला शिकवलं, परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. नोकरी मिळाली ती इथली. आई म्हणाली, "आत्ता कुठं मानसात आलो, अन् तू महारोग्यात चालली." बाबांनी तिला गप्प केलं नाही आणि मलाही अडवलं नाही. मी ट्रंक उचलली आणि आले, थोडी शहाणपणाच्या तोऱ्यातच आले.

तो तोरा तुम्ही पहिल्या संध्याकाळीच उतरवलात. ऊन कलल्यावर सगळे पाय धुऊन ओसरीच्या कडेला ओळीनं पाय पसरून बसले होते आणि तुम्ही एकेकाचा तळवा वाकून बघत पुढे सरकत होतात. मला वाटलं, आपणही मदत करावी. एका म्हाताऱ्याजवळ बसून मी अगदी शिकवल्याप्रमाणे विचारलं, बाबा, कुठं दुखतं का? सगळी ओसरी हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत.

"बेटी, याले इचारू नको," तुम्ही म्हणालात. "याचा पाय याच्या संग बोलत नाई. काटा घुसला तरी सांगत नाई. तू पाह्य."

आणि तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या टाचेतून बाभळीचा काटा काढून माझ्या हातावर ठेवलात. दिवसभर तो त्या काट्यावर चालला होता. या रोगात नसा मरतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ त्या काट्यानं शिकवला. ज्याला दुखत नाही, त्याचं दुसऱ्या कुणीतरी रोज बघायचं असतं. ते बघणारे डोळे साऱ्या कुष्ठधामात तुमचे होते.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही नंतर सांगितलीत. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला तुमचं लॉऱ्या दुरुस्त करायचं काम. नागपूर ते हैदराबाद जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तुम्हाला उस्ताद म्हणायचा. एक दिवस गाडीखाली निजून काम करताना जळल्याचा वास आला. तुम्हाला वाटलं, शेजारच्या ढाब्यावर कुणाचं तरी मटण करपलं. बाहेर येऊन पाहिलं तर तुमचाच तळहात तापलेल्या सायलेन्सरला टेकलेला होता. हे तुम्ही हसत हसत सांगितलंत आणि वर मला चहा विचारलात. मला तो चहा गेला नाही. पुढच्या वर्षी घरानं तुम्हाला मागच्या खोलीत ठेवलं, त्याच्या पुढच्या वर्षी इथं आणून सोडलं. त्याबद्दल तुम्ही कधी कुणाला शिवी दिली नाहीत. बाकी साऱ्या जगाला देत होतात.

मग तुमचेच डोळे अधू झाले. तुम्ही ते लपवलंत, हे मी अजून विसरलेले नाही. आधी म्हणायचात, संध्याकाळी उजेड कमी असतो. मग पाय अगदी नाकाशी नेऊन बघायला लागलात. मग एका माणसाच्या अंगठ्याखाली रुतलेला खिळा तुमच्याकडून सुटला, पाय सुजला आणि शेवटी तो अंगठा काढावा लागला. त्या दिवशी तुम्ही ओसरीवर आला नाहीत. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होतात. माझे दिवे गेले, एवढंच बोललात.

मोतीबिंदू साधा असतो, लोक म्हणतात. पण बाकीच्या आंधळ्याला हात असतात. तो चाचपून पेला शोधतो, चाचपून माणूस ओळखतो. तुमच्या हातांना काहीच कळत नव्हतं. चहाचा पेला हातात आहे की केव्हाच खाली पडला, हे तुम्ही बघून ओळखायचात. डोळे गेले म्हणजे तुमचं सगळंच गेलं असतं, आणि ओसरीवरच्या त्या साऱ्या पायांचंही.

पुसदला डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा तुम्हाला आणि भिमाबाईला मी घेऊन गेले. भिमाबाई म्हणजे आपली कोलाम बाई. पांढरकवड्याकडच्या जंगलातल्या पोडावरून, कोलामांच्या वस्तीवरून, आलेली, बोलायला तिखट, कामाला चोख. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बसचा कंडक्टर तुमचे हात बघून घंटी मारून उतरवेल हे माहीत होतं, म्हणून तुमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं लॉरीत मागं ताडपत्रीवर बसवून नेलं. शिबिराच्या रांगेत तासभर उभं राहिलो. टेबलापाशी पोचल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तुमचे हात पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. ते वाईट बोलले नाहीत. समजावून बोलले. या रोगात डोळा आतून सुजलेला असतो, ऑपरेशन टिकत नाही, उरलासुरला उजेडही जातो, असं ते म्हणाले. रांगेतली माणसं तोवर दोन हात मागं सरकली होती.

"साहेब," तुम्ही म्हणालात, "इंजन उघडल्याबिगर खराब हाये म्हून कसं सांगता?"

डॉक्टरांनी पुढचा माणूस बोलावला. मी डोळे पुसत होते. लाज वाटत होती की राग येत होता, ते माझं मलाच कळत नव्हतं. पण तुमचं ते वाक्य एकानं ऐकलं होतं. त्यांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर आपल्यामागं लॉरीपर्यंत चालत आला. त्यानं लॉरीच्या फळीवर बसवून तुमच्या दोघांच्या डोळ्यांत टॉर्च मारला. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, उजेड कुठून येतो सांगा म्हणाला. तुम्ही दोघांनीही सगळ्या बाजू बरोबर सांगितल्या. तो म्हणाला, पडदा शाबूत आहे, मी यवतमाळला असतो, मी येईन. अशी माणसं बोलतात आणि येत नाहीत, असं मी लॉरीत तुम्हाला म्हटलं होतं. तो पंधरा दिवसांत सायकलवर आला, आणि त्यावरून तुम्ही मला वर्षभर चिडवलंत.

या तरुण डॉक्टरांनी घाई केली नाही. काही महिने नुसते थेंब. एक बाहुली मोठी करणारा, एक सूज उतरवणारा. दिवसातून किती वेळा मी तुमच्या खोलीच्या दाराशी बाटली घेऊन उभी राहिले असेन, आणि तुम्ही दर वेळी, आली थेंबवाली, म्हणून ओरडला असाल. सूज आधी भिमाबाईची उतरली, म्हणून ऑपरेशन आधी तिच्या डाव्या डोळ्याचं झालं. ड्रेसिंगच्या खोलीतल्या लाकडी टेबलावर. तयारी करताना डॉक्टरांनी कापसाची बारीक वात तिच्या बुबुळाला लावून पाहिली. तिनं पापणी हलवली नाही. बघा, हा डोळापण बधिर आहे, असं ते मला म्हणाले. मी मान डोलावली आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

ऑपरेशन उत्तम झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून तिला उताणी निजवलं. डॉक्टरांनी जाताना त्यांच्या सगळ्या रोग्यांना देतात तीच सूचना दिली. पाच दिवस पट्टीला हात लावायचा नाही, दुखायला लागलं तर मात्र उघडून बघा आणि मला कळवा. मी दिवसातून तीनदा तिच्या खाटेशी जाऊन विचारलं, भिमाबाई, दुखतं का? तिनं तीनदा सांगितलं, नाई बाई. मी वहीत तीनदा लिहिलं, दुखत नाही. संध्याकाळी त्याच हातांनी मी तुमच्या जागी बसून पाय बघत होते, कारण तुम्हाला दिसत नव्हतं. पाय बघताना कुणालाही विचारत नव्हते.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडवली आणि आधी वास आला. डोळ्यात पू भरला होता. तीन दिवस तरी झाले असावेत. तो डोळा गेला.

डॉक्टर बाहेर पायरीवर बसून राहिले. सूचना माझी होती, चूक माझी आहे, असं ते म्हणत होते. आत खाटेवर भिमाबाईनं मला विचारलं, बाई, काहून गेला डोया? उस्ताद, तेव्हा मी जे बोलले ते तुम्ही दाराशी बसून ऐकलंत. मी म्हणाले, तुझ्या रोगानंच खाल्ला. माझी जीभ अडखळलीही नाही. पुसदच्या शिबिरात ज्या शब्दांनी मला रडू आलं होतं, तेच शब्द मी तिच्या अंगावर टाकले आणि हात धुवायला गेले.

तुम्ही दुपारी मला बोलावलंत. वाटलं, आता धीर द्याल.

"तू पाय उघडून पाहते, अन् डोयाले इचारते काहून?" तुम्ही म्हणालात. "अन् वरून रोगाच्या माथी मारते? सांग तिले."

मी म्हटलं, सांगून डोळा परत येणार आहे का? तुम्ही म्हणालात, एक अजून उरला हाये तिचा. मी चिडले. तुम्हाला इतकं वाटतं तर तुम्हीच सांगा म्हटलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मी सांगतलं तं ती चुगली होईन. तू सांगतलं तं इलाज होईन." आपल्या भांडणाचा तो पहिला दिवस. त्यानंतर चार वर्षं तुम्ही दर महिन्या-दोन महिन्यांनी तेच दोन शब्द म्हणायचात, सांग तिले, आणि मी तेच करायचे, औषधाची खोली गाठायचे.

बाकी सगळ्यांची खात्री होती की आता ऑपरेशनं बंद. डॉक्टरांचा स्वतःचाही हात मागं आला होता. तुम्ही त्यांना निरोप पाठवलात, आता माझा डोळा करा. ते आले, तेव्हा अट घातलीत की पट्टी रोज उघडायची आणि बघायची. दुखतं का, हा प्रश्न तुमच्या खाटेजवळ कुणी विचारायचा नाही. डॉक्टर म्हणाले, रोज उघडणंही धोक्याचं असतं, हात लागतो, धूळ जाते. तुम्ही म्हणालात, मग हिला नीट शिकवा. अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी डॉक्टरांनी बाही वर केली आणि मला शिकवायला बसले. पापणी कशी दाबायची नाही, टॉर्च कुठून धरायचा, काळ्या भागाच्या बुडाशी काय शोधायचं. कुष्ठधामातल्या ज्यानं हो म्हटलं त्याच्या डोळ्यावर मी सराव केला. तुम्ही रोज विचारायचात, बेटीचं लायसन झालं का?

तुमचं ऑपरेशन झालं. पहिल्या सकाळी डोळा स्वच्छ. दुसऱ्या सकाळी स्वच्छ. तिसऱ्या सकाळी तुम्ही मजेत होतात. झोप चांगली लागली, बिडी दे, असं म्हणत होतात. मी पट्टी उघडली, टॉर्च धरला. बुबुळाच्या भोवती लालसर कडं होतं आणि बुडाशी अगदी बारीक, दोऱ्याएवढी पांढरी रेघ. तुम्हाला काहीही होत नव्हतं. तेव्हा भिमाबाईलाही काही होत नव्हतं.

मी चप्पल न घालता रस्त्यावर धावले. दारव्ह्याकडून येणारी पहिली लॉरी हात करून थांबवली. ड्रायव्हर मला बघून नाही म्हणणार होता. मी तुमचं नाव घेतलं. पांढरकवड्याचे उस्ताद? असं त्यानं विचारलं आणि दार उघडलं. यवतमाळला त्यानं माल उतरवायच्या आधी मला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि डॉक्टरांना घेऊन परत आणलंही. जेवणवेळेच्या आत डॉक्टर तुमच्या खाटेशी होते. त्यांनी टॉर्च मारला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वेळेत आलो. मग इंजेक्शनं, तासातासाला थेंब. चौथ्या दिवशी ती रेघ गेली. मी ती नसलेली जागा पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि तुम्ही म्हणालात, आता टॉर्चचा सेल संपवशील.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. सगळं कुष्ठधाम दाराशी गोळा झालं होतं. तुम्ही बराच वेळ समोर बघत राहिलात. कुणी म्हणालं, उस्ताद, बोला ना.

"या भिंतीले चुना कोनं लावला?" तुम्ही म्हणालात. "पट्टे दिसून राह्यले."

काय आरडाओरडा झाला त्या दिवशी. डॉक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि लहान पोरासारखे हसले. चुना लावणाऱ्यानं तुमच्याशी आठवडाभर अबोला धरला.

पुढचा घोळ चष्म्याचा. तुमच्या नाकाचं हाड रोगानं बसलेलं, चष्मा टेकणार कुठं? दुकानदारानं हात टेकले. तुम्ही मला मातीवर काठीनं चित्र काढून दाखवलंत. कपाळावर टेकणारी पत्र्याची पट्टी, मागून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. आपल्याच चांभारानं ते शिवलं. डोक्यावर चढवून तुम्ही बाहेर आलात, तेव्हा कुणी हसायचं नाही असा दम भरलात आणि आरशात पाहून आधी तुम्हीच हसलात. त्या संध्याकाळी ऊन कललं आणि तुम्ही ओसरीच्या एका टोकाशी जाऊन वाकलात. पाचव्या माणसापाशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणालात, परवापासून याचा फोड सुटला तुझ्याकडून. मला इतका आनंद झाला की वाईट वाटायचंच राहून गेलं.

दोन वर्षांनी डॉक्टर तुम्हाला पुसदच्या त्याच शिबिरात घेऊन गेले. त्याच टेबलामागं तेच मोठे डॉक्टर. तोवर आपल्याकडे आणखी डोळे झाले होते आणि एक सोडून सगळे टिकले होते. त्या मोठ्या डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यात बराच वेळ वाकून पाहिलं. मग सवयीनं विचारलं, ऑपरेशननंतर दुखलं होतं का?

तुम्ही म्हणालात, "आमाले दुखत नाई साहेब. म्हून तं तुमाले पाहा लागते."

त्यांनी तुमचा हात हातात घेतला, तोच झिजलेल्या बोटांचा हात, सगळ्या रांगेसमोर. पुढच्या शिबिरापासून आपल्या माणसांना प्रवेश मिळाला. माझे पाय जमिनीला लागेनात. तुम्ही परतीच्या वाटेवर गप्प होतात, कारण आपली रांग त्यांनी वेगळी ठेवायची ठरवली होती. मी म्हटलं, असू द्या, डोळा तर होतो ना. तुम्ही मला विचारलंत, तुझ्या बापानं वेगळी विहीर मागितली होती का?  बोरी अरबला जाऊन बाबांना हे सांगितलं, तर ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, त्या माणसाला घरी जेवायला आण. तुम्ही आलात. आईनं वाढलं. तुमचं ताट तिनं आमच्याच ताटांसोबत घासलं, ते मी पाहिलं आणि तुम्हीही पाहिलंत.

रांगेचं भांडण मी तेव्हाच हरले होते. भिमाबाईचं मात्र रेटून धरलं. तिचा उजवा डोळाही हळूहळू मिटत गेला. सगळ्यांचे डोळे होत होते, ती हो म्हणेना. तुम्ही तिला तुमचा चष्मा दाखवायचात. ती म्हणायची, तुमचा डोया चांगला होता उस्ताद, माह्या डोयात रोग हाये, बाईनंच सांगतलं. तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी थेंबांच्या बाटल्या पुसायला लागायचे. मला सगळे डोळ्यांची बाई म्हणायला लागले होते. बाहेरगावाहून परिचारिका माझ्याकडे टॉर्च धरायला शिकायला येत होत्या. त्यांच्यासमोर तिला काय सांगू? असं मी मनाला समजावत होते. खरं म्हणजे मी भित्री होते, एवढंच.

मग वीस दिवसांपूर्वी, त्या दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या तोंडून ऐकलं, बेटी, दुखून राह्यलं. छातीवर हात होता. मी इतकी गोंधळले की टॉर्च आणायला धावले. तुम्ही त्याही वेळी हसलात. मग मी तुमच्याजवळ बसले. तुम्ही पाणी मागितलंत, प्यायलात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे डोळे लावून पडून राहिलात. एक लॉरी गेली. तिचं मागचं टायर बसलेलं आहे, असं तुम्ही म्हणालात. त्यानंतर काही बोलला नाहीत.

पांढरकवड्याहून तुमचा पुतण्या आला, चार ड्रायव्हर आले. त्यांनीच तुम्हाला आंघोळ घातली, खांदा दिला. आम्हा बायांना कब्रस्तानात जाता येत नाही, म्हणून मी आणि भिमाबाई फाटकापाशी उभ्या होतो. जनाजा वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, शेवटचं त्यांचं तोंड पाहाचं होतं, ते काही झालं नाही. तुमच्या जनाज्याजवळ ती उभी होती, उस्ताद. हातभर अंतरावर. तिला दिसलं नाही.

मी तिथंच, फाटकाला धरून सांगितलं. तुझ्या रोगानं डोळा नाही खाल्ला. मी पट्टी उघडून बघायला पाहिजे होती. मी बघितलं नाही, नुसतं विचारलं. आणि मग खोटं बोलले.

ती भिंतीला खांदा घासत खोलीत गेली. दोन दिवस तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मंग माहा डोया खराब नव्हता?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नव्हता.

"कधीच नव्हता?"

"कधीच नव्हता, भिमाबाई."

ती उंबऱ्यावर बसली आणि रडली. मी तिच्याजवळ बसले, पण हात लावायचं धाडस झालं नाही. रडणं संपल्यावर नाक पुसून म्हणाली, बोलाव तुह्या डॉक्टरले.

सूज नव्हती, डॉक्टर लगेच आले. ऑपरेशन झालं. रोज सकाळी मी पट्टी उघडली, पाहिलं, परत बांधली. मी तिला काही विचारलं नाही आणि तीही माझ्याशी बोलली नाही. सहा सकाळी अशा गेल्या. मी माझ्या आयुष्यात इतकं घाबरून काही पाहिलं नसेल. सहाही सकाळी डोळा स्वच्छ होता.

आज डॉक्टर आले. पट्टी काढून त्यांनी तिच्या डोळ्यासमोर भिंग धरलं. तिनं आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे करून, सुलटे करून. मग खोली पाहिली, दारात जमलेली माणसं पाहिली, एकेकाचं नाव घेतलं. सगळ्यात शेवटी माझ्याकडे वळली. किती वेळ बघत होती कोण जाणे. 

"चार वर्सं, बाई," ती म्हणाली. "ते मी तुले माफ नाई केलं. करन का नाई, मालूम नाई."

मी मान हलवली. 

मग ती डॉक्टरांच्या हातातलं भिंग आपल्या दोन्ही तळव्यांत दाबून धरून उठली, दाराशी गेली आणि ओसरीवर जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माहा डोया चांगला हाये. पयलाबी चांगलाच होता."